फॉल्ट आहे, पण प्रवाह वाढत नाही

जून महिन्यातील पहिल्या वळिवात मराठवाड्यातील एका 5 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाची 11 केव्ही लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. लिंबाच्या झाडाची ओली फांदी तारांवर पडून आर, वाय, बी या तीन फेजांपैकी वाय आणि बी हे दोन एकत्र आले होते, म्हणजे फॉल्ट झाला होता. असे पावसाळ्यात रोज कुठे ना कुठे घडते. उपकेंद्राच्या बाजूच्या रिलेने, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला लाइन तोडायला सांगणाऱ्या उपकरणाने, आपले काम केले, ब्रेकर उघडला, लाइनमनने फांदी काढली आणि ऑपरेटरने ट्रायल घेऊन लाइन पुन्हा सुरू केली. माझ्याकडे हे प्रकरण आले ते वेगळ्याच कारणाने. प्रकल्पाच्या बाजूच्या रिलेने या फॉल्टची दखलच घेतली नव्हती. त्या रिलेतील नोंद घेऊन एक तरुण अभियंता माझ्याकडे आला आणि लॅपटॉप उघडता उघडताच म्हणाला, “सर, सीटीचं कनेक्शन उलटसुलट झालंय असं वाटतं.”

सीटी म्हणजे लाइनचा प्रवाह मोजून रिलेला कळवणारे छोटे रोहित्र. त्या अभियंत्याला तसे वाटणे स्वाभाविक होते, कारण पडद्यावर जे दिसत होते ते मला शिकवलेल्या आणि मी पुढे अनेकांना शिकवलेल्या कोणत्याही आकृतीशी जुळत नव्हते. व्होल्टेजच्या आलेखात सर्व काही पुस्तकाप्रमाणे होते: आर फेजची लाट पूर्वीइतकीच उंच, आणि वाय व बी यांच्या लाटा निम्म्या उंचीवर येऊन एकमेकींवर अशा चढल्या होत्या की दोन रंगांची एकच रेघ वाटावी. दोन फेज एकमेकांना चिकटल्याची याहून स्पष्ट खूण नाही. पण त्याखालच्या प्रवाहाच्या आलेखात तीनही फेज सारख्याच उंचीचे, एकमेकांपासून नेमके 120 अंशांवर, अगदी शिस्तीत चाललेले होते. फॉल्टच्या आधी प्रत्येक फेजमध्ये सुमारे 240 अँपिअर होते, फॉल्टमध्ये सुमारे 300 झाले. पहिल्या पाव आवर्तनात एक टोकदार सुळका उठला होता, तो सोडला तर फॉल्ट झाल्याचे प्रवाहाकडे पाहून कोणालाही कळले नसते.

मीही सीटीचीच चाचणी करायला सांगितली. दोन माणसांचा एक पूर्ण दिवस त्यात गेला आणि सीटी निर्दोष निघाले. संध्याकाळी मी तीच नोंद पुन्हा उघडली आणि पुढे सरकवली, तेव्हा लक्षात आले की उत्तर त्याच नोंदीत होते. मी पहिले पाच-सहा आवर्तने पाहूनच निदान करून मोकळा झालो होतो. सुमारे 100 मिलिसेकंदांनंतर उपकेंद्राचा ब्रेकर उघडल्यावर आर फेजचा प्रवाह एकदम शून्यावर आला होता आणि वाय व बी यांचे प्रवाह समान व परस्परविरुद्ध झाले होते. म्हणजे ग्रिड निघून गेल्यावर कुठे तो फॉल्ट फॉल्टासारखा दिसू लागला. सीटीची जोडणी चुकलेली असती, तर हा दुसरा भाग इतका नेटका आलाच नसता.

सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसी विजेत बदलणारे यंत्र, शॉर्टसर्किटमध्ये कसे वागते हे मला वाचून ठाऊक होते, परंतु ठाऊक असणे आणि पडद्यावर दिसल्यावर ओळखू येणे यांत अंतर असते.

आधी आकड्यांचा हिशेब मांडतो. 5 मेगावॉटच्या प्रकल्पाचा 11 केव्हीवरचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे 262 अँपिअर येतो. त्याच क्षमतेचे फिरते सिंक्रोनस जनित्र त्या जागी असते, तर त्याच्या टोकाशी शॉर्टसर्किट होताच पहिल्या काही आवर्तनांत त्याने पाच ते सहापट, म्हणजे 1300 ते 1600 अँपिअर प्रवाह दिला असता. उपकेंद्रातील 10 एमव्हीएच्या रोहित्राचा इंपीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे 8 टक्के धरला, तर ग्रिडच्या बाजूने जवळच्या फॉल्टला चार-पाच हजार अँपिअर सहज मिळतात. आणि इन्व्हर्टरचे काय? साधारण 1.1 ते 1.2 पट. त्या दिवशी मिळालेले 300 अँपिअर हे याच मर्यादेतले. प्रकल्पाच्या रिलेचे ओव्हरकरंट सेटिंग 330 अँपिअरवर होते, आणि ते याहून फारसे खाली आणता येत नाही, कारण मग स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बारा वाजता पूर्ण उत्पादन चालू असतानाच रिले उठण्याचा धोका असतो. त्या रिलेच्या दृष्टीने तो फॉल्ट म्हणजे ढग सरून थोडे अधिक ऊन पडले, इतकेच होते.

इतका कमी प्रवाह का, या प्रश्नाचे उत्तर सिलिकॉनच्या तुकड्यात आहे. जनित्राच्या स्टेटरमध्ये तांबे आणि लोखंड यांचे टनावारी वजन असते. क्षणभर पाच-सहापट प्रवाह वाहिला तर ते तापते, पण ती उष्णता सामावून घेण्याइतके वस्तुमान त्याच्याकडे असते, शिवाय फिरत्या रोटरमधील ऊर्जा आणि चुंबकीय क्षेत्र त्या प्रवाहाला पुरवठाही करत राहतात. इन्व्हर्टरमधला आयजीबीटी, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, हा नखापेक्षा फार मोठा नसलेला, कागदाइतका पातळ तुकडा असतो. त्याच्यातून थेट शॉर्टसर्किटचा प्रवाह वाहू लागला तर तो साधारण 10 मायक्रोसेकंद तग धरतो, मिलिसेकंदाची तर गोष्टच नको. त्यामुळे इन्व्हर्टर बनवणारा प्रवाहाला सुरुवातीपासूनच लगाम घालून ठेवतो. नियंत्रकाला सेकंदात हजारो वेळा प्रवाह मोजता येतो, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेला टेकताच तो पुढची आज्ञा बदलून प्रवाह तेथेच दाबून धरतो. सुरुवातीचा तो सुळका फिल्टरमधील कपॅसिटर रिकामे होण्याचा आणि नियंत्रकाला सावरायला लागणाऱ्या वेळेचा मिळून बनतो.

गंमत अशी की इन्व्हर्टरच्या मागे जे सौर पॅनेल असते, त्याचाही स्वभाव असाच आहे. आजकालच्या 550 वॉटच्या पॅनेलचा कमाल उत्पादनाच्या वेळचा प्रवाह सुमारे 13 अँपिअर असतो आणि त्याची दोन टोके थेट जोडली तरी तो 14 अँपिअरच्या आसपासच जातो. पडेल तितक्या उन्हापलीकडे पॅनेल काही देऊच शकत नाही. म्हणून एखाद्या स्ट्रिंगच्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेच्या, तारेत शॉर्ट झाला तर त्या स्ट्रिंगच्या स्वतःच्या प्रवाहाने तिचा फ्यूज कधीच उडत नाही. तो उडतो फक्त शेजारच्या समांतर स्ट्रिंगांचा प्रवाह उलट्या दिशेने त्या दोषाकडे धावला तर. डीसी प्रवाह शून्यातून जात नसल्यामुळे ठिणगी विझतही नाही, आणि सूर्य मावळेपर्यंत पॅनेल बंद करण्याची काही सोय नसते. छतावर सौर यंत्रणा बसवणारे ठेकेदार ‘एमसीबी आहे ना’ म्हणून निश्चिंत असतात, तेव्हा मला हीच गोष्ट आठवते.

परंतु प्रवाह कमी असणे ही या कथेची सोपी बाजू आहे. अवघड बाजू प्रवाहाच्या आकाराची आहे. 1918 साली चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी दाखवून दिले की तीन फेजमधला कितीही असमतोल प्रवाह धन (नेहमीच्या क्रमाने फिरणारा), ऋण (उलट क्रमाने फिरणारा) आणि शून्य (तिन्ही फेजांत एकाच वेळी वरखाली होणारा) अशा तीन समतोल क्रमांच्या बेरजेने मांडता येतो. आमच्या व्यवसायातले बहुतेक संरक्षण याच कल्पनेवर उभे आहे. दोन फेज चिकटले की ऋण क्रमाचा प्रवाह वाहणारच, एक फेज जमिनीला टेकला की शून्य क्रमाचा वाहणारच, आणि त्यांच्यावरून फॉल्ट कोणत्या फेजवर आणि कोणत्या दिशेला आहे हे रिले ठरवणार. ते ‘वाहणारच’ निसर्गनियमासारखे वाटत होते, कारण जनित्राच्या वेटोळ्यांना दुसरे काही करता येत नव्हते. इन्व्हर्टरला मात्र तसे बंधन नाही. पुष्कळ इन्व्हर्टर, विशेषतः जुने, फॉल्ट कितीही असमतोल असला तरी फक्त धन क्रमाचा, समतोल प्रवाह देण्यासाठी लिहिलेले असतात. त्या दिवशीचे तीन सारखे फेज म्हणजे तेच. असमतोलाचा सगळा भार त्या 100 मिलिसेकंदांत ग्रिडने उचलला होता. ग्रिड गेल्यावर आर फेजच्या प्रवाहाला जायला वाटच उरली नाही, म्हणून तो शून्य झाला. तिथे इन्व्हर्टरच्या आज्ञावलीवर सर्किटच्या नियमाने मात केली.

दिशेचेही तसेच आहे. जनित्र फॉल्टला जो प्रवाह देते तो व्होल्टेजच्या किती अंश मागे असेल हे लाइनच्या आणि यंत्राच्या इंपीडन्सवरून ठरते, म्हणून दिशादर्शक रिलेला एक ठरलेला कोन देऊन ठेवता येतो. इन्व्हर्टरच्या बाबतीत हा कोन नियंत्रक ठरवतो. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीविषयक नियमांनुसार मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांनी जोडणीच्या ठिकाणचे व्होल्टेज मूळच्या 15 टक्क्यांपर्यंत खाली गेले तरी 300 मिलिसेकंद ग्रिडला जोडलेले राहायचे असते, आणि त्या काळात रिअॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेज सावरून धरणाऱ्या, पुरवठ्याला पहिले प्राधान्य द्यायचे असते. ग्रिडच्या भल्यासाठी हा नियम योग्यच आहे. परंतु हे प्राधान्य किती लवकर, किती प्रमाणात आणि कोणत्या फेजवर अमलात येते हे प्रत्येक कंपनीच्या फर्मवेअरवर अवलंबून राहते, आणि रिलेला दिसणारा कोन त्याप्रमाणे बदलतो. एकाच प्रकल्पात दोन कंपन्यांचे इन्व्हर्टर असतील तर त्यांच्या बेरजेचा कोन सांगायला मी तरी धजावणार नाही.

हा गोंधळ ओळखून जर्मनीने 2018 च्या आपल्या 110 केव्ही पातळीवरील जोडणी-नियमांत ऋण क्रमाचा प्रवाह देणे आवश्यक केले, आणि आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 2022 सालच्या 2800 क्रमांकाच्या मानकातही तशी अपेक्षा आली. म्हणजे निसर्गाने जे जनित्राकडून फुकट करवून घेतले होते, ते आता इन्व्हर्टरकडून नियम लिहून करवून घ्यावे लागत आहे. मला यात खेद नाही. पण हा बदल पुरेशा गांभीर्याने शिकवला जात नाही, असे मात्र वाटते.

आमच्या नोंदीतल्या पुढच्या 200 मिलिसेकंदांकडे परत येतो, कारण खरी काळजी तेथे आहे. उपकेंद्राचा ब्रेकर उघडल्यावर 20 इन्व्हर्टर आणि एक फांदी एवढेच त्या लाइनवर उरले. ग्रिडच्या मागे चालणारा इन्व्हर्टर आपली लय ग्रिडच्या व्होल्टेजवरून घेत असतो. त्यासाठीच्या पीएलएल या मंडलाचे काम तबलजीसारखे आहे: गवयाकडे कान लावून सम पकडायची आणि तिच्याशी ठेका जुळवून ठेवायचा. गवई अचानक गायचा थांबला आणि तबलजीला आपल्याच ठेक्याचा प्रतिध्वनी ऐकू येऊ लागला, तर लय कुठे जाईल सांगता येत नाही. नोंदीत वारंवारतेची रेघ 50 हर्ट्झवरून सुटून वरखाली भटकताना स्पष्ट दिसते. आर फेजचे व्होल्टेज वर उसळले. इन्व्हर्टर एकेक करून, कोणी वाढीव व्होल्टेजमुळे, कोणी वारंवारतेमुळे, बाहेर पडत गेले आणि वाय-बी प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी उतरून संपला. जवळजवळ 200 मिलिसेकंद त्या फांदीला सौर प्रकल्प वीज पुरवत राहिला, आणि हे थांबवण्यात प्रकल्पाच्या रिलेचा वाटा शून्य होता.

200 मिलिसेकंद हा काळ ऐकायला किरकोळ वाटतो. पण जेथे उपकेंद्रात ऑटो-रिक्लोज, म्हणजे लाइन आपोआप पुन्हा जोडण्याची सोय, आहे तेथे ब्रेकर उघडा राहण्याचा काळ ठिणगी विझण्यासाठीच ठेवलेला असतो. दुसऱ्या टोकाने इन्व्हर्टर ती ठिणगी जिवंत ठेवत असेल तर ब्रेकर लाइन पुन्हा जोडेल ती फॉल्टवरच. शिवाय फॉल्ट दोन फेजांतला नसून एका फेजचा जमिनीशी असता, तर परिस्थिती आणखी वाईट झाली असती. या प्रकल्पाच्या रोहित्राचे वेटोळे, बहुतेक सौर प्रकल्पांप्रमाणे, 11 केव्हीच्या बाजूला डेल्टा, म्हणजे त्रिकोणात जोडलेले, आहे. त्यामुळे त्या बाजूला जमिनीशी जोडायला न्यूट्रल, म्हणजे तीन फेजांचा सामाईक बिंदू, नाही. उपकेंद्राचा ब्रेकर उघडताच ती लाइन अर्थिंग गमावते, अर्थ फॉल्टचा प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो, आणि चांगल्या दोन फेजांचे जमिनीशी असलेले व्होल्टेज 1.73 पटीपर्यंत चढते. तार शेतात पडलेली आहे, प्रवाह नाही म्हणून अर्थ फॉल्ट रिले शांत आहे, आणि तार मात्र अजून जिवंत आहे. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ग्रामीण उपकेंद्रांच्या फीडरांवर असे छोटे प्रकल्प जोडले जात आहेत, तेव्हा हा प्रश्न मोठ्या पारेषण वाहिन्यांवर काम करणाऱ्यांपुरता उरलेला नाही. तो शेताच्या बांधापर्यंत आला आहे.

याच स्वभावाची दुसरी टोकाची बाजू कॅलिफोर्नियात दिसली होती. 16 ऑगस्ट 2016 रोजी कॅहोन खिंडीत वणवा लागला, त्याला ब्लू कट फायर म्हणतात. त्याच्या धुराने आणि उष्णतेने 500 केव्हीच्या वाहिन्यांवर वारंवार फॉल्ट झाले. त्यांतील दुपारी पावणेबाराचा एक फॉल्ट अडीच आवर्तनांत, म्हणजे सुमारे 42 मिलिसेकंदांत दूर झाला. संरक्षणाने यापेक्षा चांगले काम करणे कठीण. तरी तेवढ्यात जवळजवळ 1200 मेगावॉट सौर उत्पादन ग्रिडवरून गेले. त्यातले सुमारे 700 मेगावॉट गेले ते वारंवारता घसरली आहे असे इन्व्हर्टरांना वाटले म्हणून. फॉल्टच्या क्षणी व्होल्टेजची लाट वाकडी झाली, शून्य ओलांडण्याचा तिचा क्षण सरकला, आणि मोजणाऱ्या सूत्राने 57 हर्ट्झपेक्षा कमी असा आकडा काढला. तिकडची ग्रिड 60 हर्ट्झवर चालते, आणि त्या घटनेत तिची खरी वारंवारता 59.86 हर्ट्झच्या खाली गेलीच नव्हती. उरलेल्यांपैकी बरेचसे उत्पादन, व्होल्टेज 90 टक्क्यांखाली गेले की प्रवाह तात्पुरता थांबवायचा, या त्यांना दिलेल्या आज्ञेमुळे थांबले होते. अमेरिकेतील विश्वासार्हता संस्था नर्कने 2017 मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला, आणि वारंवारतेवरच्या ट्रिपला काही सेकंदांचा विलंब जोडून पहिल्या प्रकारचा दोष दुरुस्त झाला.

या दोन घटना शेजारी ठेवून मी बराच काळ विचार करत होतो. आमच्याकडचे इन्व्हर्टर जायला हवे होते तेव्हा रेंगाळले. तिकडचे राहायला हवे होते तेव्हा निघून गेले. दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडले नव्हते, ते लिहून दिल्याप्रमाणेच वागले होते. जनित्राचे फॉल्टमधले वर्तन त्याच्या नामपट्टीवरच्या दोन-तीन आकड्यांवरून मला घरबसल्या काढता येत असे, आणि तो आकडा पुढची चाळीस वर्षे बदलत नसे. इन्व्हर्टरचे वर्तन कुठल्या तरी कार्यालयात बसलेल्या, या लाइनचे नावही न ऐकलेल्या माणसाने लिहिलेले असते, आणि फर्मवेअरच्या पुढच्या आवृत्तीबरोबर ते बदलूही शकते. म्हणून नवा प्रकल्प तपासताना मी आता सर्वप्रथम फर्मवेअरची आवृत्ती विचारतो आणि ती रिले सेटिंगच्या कागदावर लिहून ठेवतो. असमतोल फॉल्टमध्ये ऋण क्रमाचा प्रवाह मिळणार की नाही, प्रवाहाची मर्यादा किती मिलिसेकंदांत लागू होते, व्होल्टेज किती खाली गेल्यावर इन्व्हर्टर गप्प बसतो, याची लेखी उत्तरे मागतो. या प्रकल्पाच्या पुरवठादाराने उत्तरादाखल पहिल्यांदा जी पत्रिका पाठवली तिच्यात कार्यक्षमता आणि पाच वर्षांची हमी याखेरीज काही नव्हते. तिसऱ्या पत्रानंतर आलेख आला.

जेथे सौर आणि पवन यांचे प्रमाण फार वाढले तेथे फॉल्ट प्रवाह पुन्हा आणण्याचाही मार्ग धरला गेला आहे. साउथ ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्टस्टाउन येथे प्रत्येकी दोन असे चार सिंक्रोनस कंडेन्सर सुरू झाले. टर्बाइन नसलेली, नुसती फिरत राहणारी ही यंत्रे म्हणजे शेवटी तांबे आणि लोखंडच. ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टरांकडूनही मोठी आशा बाळगली जाते, आणि आपली लय आपणच धरण्याच्या बाबतीत ती रास्त आहे. परंतु त्यांच्यातही आयजीबीटीच आहे, तेव्हा प्रवाहाची मर्यादा जादा क्षमता विकत घेतल्याशिवाय त्यांनाही ओलांडता येत नाही.

5 मेगावॉटसाठी कोणी कंडेन्सर बसवणार नाही. आम्ही केले ते साधे होते. उपकेंद्राचा ब्रेकर उघडला की त्याचा संकेत फायबरवरून प्रकल्पाच्या ब्रेकरला जाईल आणि तो लगेच उघडेल, अशी इंटरट्रिपची व्यवस्था केली. म्हणजे प्रवाह ओळखण्याच्या भानगडीत प्रकल्पाच्या रिलेने पडूच नये. फायबर त्याच खांबांवरून गेले आहे, त्यामुळे तारा एकत्र आणणारी फांदी फायबरही तोडू शकते, ही शंका प्रकल्पाच्या मालकांनीच काढली आणि ती बरोबर होती. म्हणून पाठबळ म्हणून ओपन डेल्टा पीटीवरून (व्होल्टेज मोजणाऱ्या छोट्या रोहित्रांवरून) न्यूट्रलचे विस्थापन, म्हणजे तीन फेजांचा जमिनीच्या तुलनेत ढळलेला तोल, मोजणारे संरक्षण बसवले, आणि कमी व्होल्टेजवरची ट्रिप इन्व्हर्टरना पाळायच्या 300 मिलिसेकंदांनंतरच येईल अशी ठेवली.

सप्टेंबरमध्ये त्याच लाइनवर पुन्हा फॉल्ट झाला, या वेळी घारीमुळे, आणि योगायोगाने पुन्हा दोनच फेजांत. नोंद माझ्याकडे फोनवरच आली. आधी तीन सारख्या उंचीच्या लाटा, मग उपकेंद्राचा ब्रेकर, मग साधारण 60 मिलिसेकंदांत प्रकल्पाचाही, आणि तेथे सगळ्या रेघा सपाट. नोंदीखाली त्याच तरुण अभियंत्याने एवढेच लिहिले होते: “सर, तिन्ही फेज सारखे आहेत. सीटी ठीक आहेत.”